पुडीत काय आहे ते विचारायचं नसतं

तब्येत बरी नसेल तर आधी माझं ऐका. मी डॉक्टर नाही, पण आपल्याकडे त्यावाचून कुणाचं काही अडतं असं दिसत नाही. आत्याच्या गुडघ्यांचं प्रकरण नुकतंच निस्तरलंय. त्यामुळे अनुभव ताजा आहे आणि सल्ला फुकट आहे.

पहिली गोष्ट, दवाखाना निवडताना पाटीचा वरचाच भाग वाचायचा. 'डॉ.' हे अक्षर मोठं असतं, लांबून दिसतं. डिग्री खालच्या कोपऱ्यात असते, ती वाचायला पायऱ्या चढून जवळ जावं लागतं, आणि गुडघे दुखत असताना एवढी दगदग कुणी सांगितलीय? 'जुनाट आजारांवर खात्रीशीर इलाज, साइड इफेक्ट नाही' एवढं दिसलं की आत जाऊन नंबर लावायचा.

दुसरी गोष्ट, पुडीत काय आहे ते विचारायचं नाही. आमच्या आत्याला होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली मिळाली आणि सोबत पांढऱ्या कागदाच्या पुड्या. आत कुटलेली पूड, वर बॉलपेननं नुसतं 'स' आणि 'रा'. सकाळ आणि रात्र. औषधाचं नाव नाही, मात्रा नाही, चिठ्ठी नाही, बिल तर नाहीच नाही. आठवडाभरात आत्या जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. नात्यात डंका पिटला गेला, 'होमिओपॅथीनं कमाल केली' म्हणून आणखी दोघी जणी गाडी करून आल्या. मग आत्याचा चेहरा पुरीसारखा फुगला, पायावर सूज आली आणि साखर तपासली तर 386. मी पुडी घेऊन गेलो आणि यात काय आहे एवढंच विचारलं. 'तुम्हाला गुण हवाय की चौकशी?' असं उत्तर मिळालं. बाकावर बसलेले पेशंट डॉक्टरवर नाही, माझ्यावर वैतागले. नंतर ज्या फिजिशियनकडे नेलं त्यांनी चेहरा बघून पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय घेतला. पण कुठलं, किती, केव्हापासून? स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर एकदम बंदही करता येत नाही, माणूस कोसळू शकतो. ते हळूहळू उतरवायचं म्हटलं तरी आधी मात्रा माहीत हवी. ती एका माणसाला माहीत होती, आणि तो सांगायला तयार नव्हता. गुण बाटलीच्या नावावर जमा झाला, पुडीचा खर्च आमच्या.

(इथे 'एकावरून सगळ्यांना नावं ठेवू नका' हे वाक्य ज्यांना टाकायचंय त्यांनी टाकावं. जागा सोडली आहे.)

निदान करून घेऊ नका. त्याला रक्त द्यावं लागतं, पैसे द्यावे लागतात, आणि कधीकधी खरंच आजार निघतो.

गणिताच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. बाटलीवर 30 लिहिलेलं असतं. म्हणजे मूळ अर्काचा एक थेंब 99 थेंबांत घालून हलवायचा, त्यातला एक पुन्हा 99 थेंबांत, असं तीस वेळा. साधारण बाराव्या पायरीलाच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू निरोप घेतो, पुढच्या अठरा पायऱ्या पाण्यात पाणी. 200 ची पोटेन्सी, म्हणजे हेच दोनशे वेळा केलेलं, त्याहून 'कडक' मानतात. अकरावीत पाठ केलेला, रेणू मोजायचा अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा विसरून जा, तसाही परीक्षेनंतर कुणाला लागला? होमिओपॅथीचा जनक हानेमान, त्याला मात्र मी दोष देणार नाही. त्यानं 1796 साली हा विचार मांडला तेव्हा युरोपातले नामांकित डॉक्टर रोग्याची शीर कापून रक्त काढत होते, जळवा लावत होते, पारा पाजत होते. त्यांच्या हाती लागण्यापेक्षा ह्याचं पाणी पिऊन माणसं जास्त जगली असतील तर नवल नाही. पुढं शीर कापणारे सुधारले. पाणी तेच राहिलं.

कुणी फारच वाद घातला तर परदेशाचा दाखला द्या. 'इंग्लंडच्या राजघराण्यात चालते' हे वाक्य अजून खपतं. फक्त इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं 2017 मध्ये आपल्या डॉक्टरांना ही औषधं लिहू नका असं सांगितलं आणि फ्रान्सनं 2021 पासून तिचे पैसे देणं बंद केलं, एवढा भाग गाळायचा.

बरं वाटलं तर गोळ्यांमुळे, दुखणं वाढलं तर 'आजार बाहेर पडतोय', आणि काहीच झालं नाही तर तुम्ही चोरून कांदा खाल्लात.

सरकारवर भरवसा ठेवा. जानेवारी 2020 मध्ये, भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडत होता तेव्हाच आयुष मंत्रालयानं आर्सेनिक अल्बम 30 हे होमिओपॅथीचं औषध सुचवलं होतं. उपाशीपोटी, तीन दिवस. उन्हाळा येईपर्यंत त्या बाटल्या सोसायटीच्या गेटवर पोचल्या, वर भावी नगरसेवकाचा हसरा फोटो. त्या बाटलीत शोधून सापडेल असं काही असलंच तर तो फोटो. पण माणसं ती घेऊन मास्क खाली करून भाजी आणायला गेली, कारण 'इम्युनिटी' झाली होती.

जाहिरातींवरही तेवढाच विश्वास ठेवा. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब बरा करतो, उंची वाढवतो अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून तर त्या लोकलच्या डब्यात चिकटवाव्या लागतात. पतंजलीनं तर पानपानभर दिल्या. 2024 मध्ये माफीनामा छापायची वेळ आली तेव्हा तो जाहिरातीएवढाच मोठा आहे का, हे सुप्रीम कोर्टाला विचारावं लागलं.

आता राजकारण. इथे बाजू निवडायची असते आणि निवडलेल्या बाजूला एकही प्रश्न विचारायचा नसतो. होमिओपॅथीवाल्यांची मागणी काय? आम्हाला अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहू द्या. हसू नका, खरंच हीच मागणी आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकायचं की अ‍ॅलोपॅथी आजार नुसता दाबते, आम्ही मुळापासून काढतो. आणि बाहेर पडल्यावर तीच दाबणारी गोळी लिहिण्याचा हक्क मागायचा. आपल्या शास्त्रावर एवढी श्रद्धा आहे ना, मग तापानं फणफणलेल्या पोराला पॅरासिटामॉल कशाला लागतं हो? सर्दीला अझिथ्रोमायसिन कशाला लागतं? 2014 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कायदा बदलला, त्यातून सीसीएमपी नावाचा अ‍ॅलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा कोर्स निघाला. तो केला की लिहा. प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं लोंबकळलं. जून 2025 च्या शेवटी महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं या मंडळींची नोंदणी 15 जुलैपासून करतो असं जाहीर केलं. अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची संघटना आयएमए खवळली, सरकारनं स्थगिती दिली. मग दुसरी बाजू खवळली, सप्टेंबरात सरकार पुन्हा म्हणालं नोंदणी करा. 18 सप्टेंबरला अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर संपावर. ह्या सगळ्या धावपळीत पेशंट कुठे होता? ओपीडीबाहेर, केसपेपर हातात धरून.

आणि हे काही आज कळलेलं नाही. सुप्रीम कोर्टानं 1996 सालीच मुंबईच्या एका खटल्यात सांगितलं होतं. होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरनं तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, आधी व्हायरल म्हणून, मग टायफॉइड म्हणून, आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तिची प्रॅक्टिस करणारा तो भोंदू, असं कोर्टानं म्हटलं. त्यावर आपण उपाय काय काढला? एक वर्षाचा कोर्स.

थांबा, दुसऱ्या बाजूनं टाळ्या वाजवू नका. संपाच्या दिवशी 'रुग्णसुरक्षा' लिहिलेला फलक धरून उभ्या राहिलेल्या साहेबांपैकी कितीकांच्या नर्सिंग होममध्ये रात्री अकरानंतर आयसीयूत कोण असतं? बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेला पोरगा, एमबीबीएसवाला ज्या पगाराकडे बघणारही नाही अशा पगारावर. सलाइन तोच लावतो, इंजेक्शन तोच देतो, फोनवर साहेबांना विचारून. दिवसा तो भोंदू आणि रात्री तो आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर! आणि लोक त्या पुडीवाल्याकडे का जातात, याचं उत्तर तुमच्या कट प्रॅक्टिसमध्ये, पेशंट पाठवण्याच्या कमिशनमध्ये आहे. साध्या पोटदुखीला तुम्ही सीटी स्कॅन लिहिता, कुणाच्या सेंटरवर करायचा तेही सांगता आणि पेशंटकडे मान वर करून बघत नाही. तो साबुदाणेवाला निदान 'झोप लागते का, स्वप्नं पडतात का' असं तासभर विचारत बसतो.

सरकारचं म्हणणं, खेड्यात डॉक्टर मिळत नाहीत म्हणून हे करावं लागतं. मग ठाण्या-पुण्यात एकेका गल्लीत जे चार चार दवाखाने आहेत ते कुठल्या दुर्गम पाड्यात मोडतात? प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिकामी पदं भरायला पैसा लागतो, क्वार्टरला छप्पर लागतं, औषधाचा साठा लागतो. नोंदणीला नुसता शासन निर्णय लागतो. बिनखर्चाचं काम. गावच्या माणसाला अर्धा शिकलेला डॉक्टर चालतो असं मंत्रालयात बसून ज्यांनी ठरवलं, त्यांची स्वतःची अँजिओग्राफी कुठल्या पाड्यावर झाली होती, ते सांगा की एकदा.

आता उपरोध बास. चीड आली आहे.

डॉक्टरसाहेब, पॅथी कुठलीही असो, जे देता त्याचं नाव लिहा. सही करा, खाली नोंदणी क्रमांक घाला. लिहायची लाज वाटत असेल तर ते औषध देऊ नका. मेडिकलवाल्यांनो, चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक काउंटरवरून सरकवणं तुम्हीही बंद करा.

आणि तुम्ही, वाचणारे. 'साहेबांना राग येईल' म्हणून तुम्ही चिठ्ठी मागत नाही. येऊ द्या ना राग! पैसे तुम्ही देता. 'गोड गोळ्यांनी नुकसान तर होत नाही' असं म्हणता. होतं. छातीत गाठ लागल्यावर 'सहा महिने हे घेऊन बघू' म्हणणारे आपल्याच घरात बसलेत, आणि तेवढ्या काळात गाठ थांबत नाही. टाइप वन मधुमेहाच्या पोराचं इन्सुलिन 'आधी ते बंद करा, मग आमचं लागू पडेल' असं सांगणाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करता? ते पोर महिने काढत नाही, काही दिवसांत जातं. असं कुणी सांगितलं तर त्याच्या भिंतीवरची सर्टिफिकेटं वाचत बसू नका. पोराला उचला आणि सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.