'गुंडाळणं' या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी कीर्तन, शाहिरी, तमाशातली बतावणी आणि सभेतलं भाषण यावर एक पोस्ट लिहिली होती, आपल्याकडे लोकांना गोष्टी कशा पटवल्या गेल्या त्याबद्दल. बऱ्याच जणांनी आवडल्याचं कळवलं, त्यांचे आभार. पण 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय आणि ती वाचल्यापासून दोन दिवस माझं कशात लक्ष नाही, म्हणून हे उत्तर. ती प्रतिक्रिया अशी :

"लेख वाचनीय पण भाबडा. कीर्तनकार, शाहीर, वक्ते हे सगळे लोकांना हसवून रडवून गुंडाळतात. हसताना माणूस विचार करत नाही. आकडे द्या, पुरावे द्या, ज्याला पटायचं त्याला पटेल. याच कलेने उद्या कोणी दंगलही पेटवेल, तेव्हा काय म्हणाल? शिवाय 'माझी मैना' हा पोवाडा नाही. आणि घरी बसून लोककलेचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा स्टेजवर चढून बघावं."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड (लावणीचा एक प्रकार) आहे, पोवाडा नाही. मी घाईत पोवाडा लिहून गेलो, चूक माझी. दुरुस्ती करतो.

आता टोनबद्दल. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही स्वतःचं नावही लावत नाही, आणि तरी मी घरी बसलेला आहे हे तुम्हाला माहिती आहे! मतभेद असू द्या, शंभर असू द्या, पण समोरच्याचं आयुष्य न विचारताच ठरवून टाकायचं याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. मी कुणाच्या लेखाखाली असं लिहिणार नाही, लिहिलं तर आधी विचारेन की बाबा तुम्ही काय करता, काय केलंत. भाबडा म्हणालात त्याचं मला काही नाही. पण 'गुंडाळतात' हा शब्द तुम्ही ज्यांच्याबद्दल वापरलाय ना, त्यांत गाडगेबाबा आहेत, अमर शेख आहेत, अण्णाभाऊ आहेत, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून ऐकणारी लाखो माणसं आहेत. माझा राग खरं तर त्या शेवटच्या लोकांसाठी आहे. गुंडाळतात म्हणजे ऐकणारा मूर्ख, असंच ना? माझी आजी मूर्ख नव्हती.

आजीचं सांगतो. माझं गाव अमरावती जिल्ह्यातलं, गाडगेबाबांचाच जिल्हा. आजी लग्न होऊन आली त्याच सुमारास तिने बाबांचं कीर्तन ऐकलं होतं आणि ते ती आम्हाला शेवटपर्यंत सांगायची. दिवसा हा माणूस हातात खराटा घेऊन गाव झाडायचा, रात्री त्याच गावात कीर्तनाला उभा राहायचा, आणि कीर्तन म्हणजे काय तर प्रश्न. देवाला निवद कोण दाखवतं? लोक म्हणायचे, आम्ही. मग निवद ठेवला की काठी घेऊन कोण बसतं? आम्ही. काठी कशाला? कुत्रं येईल म्हणून. ज्या देवाला आपल्या पुढ्यातल्या ताटावरचं कुत्रं हाकलता येत नाही तो... आणि इथे बाबा थांबायचे. आजी हे सांगताना तीही इथेच थांबायची, तांदूळ निवडत असली तर हातही थांबायचा. उरलेलं वाक्य ऐकणाऱ्याने आपापलं पुरं करायचं. त्यांचं अखेरच्या दिवसांतलं, १९५६ सालचं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे, ऐका एकदा. त्यात माणसं हसतात, एकसुरात उत्तरं देतात, मधेच 'गोपाला गोपाला' सुरू होतं आणि टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांमध्ये कोणाची तरी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत गळून पडत असते. बाबांनी स्वतः आपल्या मुलीच्या बारशाला बकरा आणि दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं होतं, म्हणजे आधी स्वतःच्या घरात करून मग लोकांना विचारत होते. आजीने त्यानंतर आमच्या घरचा बोकडाचा नवस बंद केला, सासूशी भांडून केला. एकोणीस-वीस वर्षांची नवी सून. तिला कुणी गुंडाळलं होतं म्हणता?

तुमचं दुसरं वाक्य, 'हसताना माणूस विचार करत नाही', यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हे वाक्य शिकलेली माणसं फार सहज बोलून जातात आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी खोटं ठरलेलं बघितलंय. तुम्ही म्हणालात स्टेजवर चढून बघा. मी सहा वर्षं चढलो. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा आमचं एक कलापथक होतं, सात माणसं, एक पेटी, एक ढोलकी, आणि मी सोंगाड्या. गावोगाव जायचो, एका जीपमध्ये सात जण आणि साहित्य. स्टेज म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा शाळेचा ओटा नाहीतर बैलगाडी.

एका गावातला कार्यक्रम सांगतो. आमच्या आधी एका कार्यालयातले साहेब बोलायला उभे राहिले. त्यांच्या हातात कागद होता, त्यावर आकडे होते, किती घरं, किती संडास, अतिसाराचे किती रुग्ण, टक्केवारी. सगळं खरं होतं हो, त्यातला एक आकडा खोटा नव्हता. वीस मिनिटं ते वाचत होते. पहिल्या पाच मिनिटांत पोरं उठली, मग बाया कुजबुजायला लागल्या, आणि मागच्या पुरुषांनी बिड्या पेटवल्या. आकडे द्या म्हणता ना? दिले होते.

मग आमचा वग. मी माशी व्हायचो. पाठीला दोन सुपं बांधलेली, तेच पंख, अंगावर काळी घोंगडी. ढोलकीच्या तालावर मी नदीच्या बाजूने, म्हणजे गावाची गोदरी (उघड्यावर शौचाला बसायची जागा) ज्या अंगाला होती तिकडून, लोकांमधून उडत उडत यायचो आणि पुढे बसलेल्या एखाद्या काकांच्या हातातल्या भाकरीवर जाऊन बसायचो. मग विचारायचो, मी आत्ता आले कुठून? सगळं गाव ओरडायचं, गोदरीतून! आणि बसले कुठं? काकाच्या ठेच्यावर! हशा असा की दोन मिनिटं ढोलकी थांबवावी लागायची. त्या दिवशीही तसंच झालं. पण पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, मांडीवर नातू, नातवाच्या हातात वाटीत दूध-भाकर. ती हसत होती, सगळ्यांबरोबर खदखदून हसत होती, आणि हसता हसताच तिने पदर ओढून त्या वाटीवर धरला. कोणी सांगितलं नव्हतं. मी दोन हातांवरून बघितलं ते. हसणं आणि कळणं तिच्यात एकाच वेळी चाललं होतं, आधी हसली मग विचार केला असं नव्हतं ते.

आणि आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपमध्ये सामान चढवत होतो तर एक बाई हंडा घेऊन चाललेली थांबली. रात्री ती पण होती, खूप हसली होती. मला म्हणाली, "पानी आमी दीड कोसावरून आनतो भाऊ, थे पिऊ का तुमच्या संडासात टाकू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या पूर्ण वगात पाण्याचं एक वाक्य नव्हतं. आम्ही तो वग त्याच आठवड्यात बदलला, सरपंचाला पाण्याचा जाब विचारणारी बाई त्यात घातली, आणि पुढच्या गावांत सगळ्यात जास्त टाळ्या तिला पडल्या. म्हणजे बघा, आदल्या रात्री जी बाई तुमच्या हिशेबाने हसत हसत 'गुंडाळली' गेली होती, तीच सकाळी आमची चूक काढत होती. साहेबांच्या कागदावर तिने प्रश्न विचारला नाही, कारण त्या कागदाशी तिचा काही संबंधच तयार झाला नव्हता. माशीशी झाला. आपल्याला कळलेल्या गोष्टीवरच माणूस वाद घालतो.

संडास सगळ्यांनी बांधले असं मी म्हणणार नाही. काहींनी बांधले, काहींनी बांधून त्यात सरपण भरलं, हे सगळ्यांना माहिती आहे. पण पटवणं आणि गुंडाळणं यातला फरक नेमका इथेच आहे ना, पटवलेला माणूस नाही म्हणू शकतो.

आता 'माझी मैना'कडे येतो कारण ती तुम्हीच काढलीत. तुम्ही चूक दाखवलीत ती प्रकाराची, पण मुद्द्याला हात नाही लावलात. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने आकडे नव्हते का? होते, भरपूर होते. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगापुढे रीतसर निवेदन गेलं होतं, अभ्यासू माणसांनी तयार केलेलं. १९५५ साली आयोगाने शिफारस काय केली? मुंबई राज्य द्विभाषिक ठेवा आणि विदर्भ वेगळा करा. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसं पडली. राज्य मिळालं १ मे १९६० ला. मधल्या चार-साडेचार वर्षांत ही मागणी गिरणगावातल्या खोल्याखोल्यांत कोणी नेली? शाहिरांनी नेली, अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर. सभांमध्ये अत्रे लोकांना पोट धरून हसवायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं मोर्चात यायची.

आणि ती छक्कड भावनेला हात घालते असं म्हणणं म्हणजे ऐकणारे कोण होते ते विसरणं. एका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार पाळीपाळीने झोपायचे, बायका गावाकडे. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून घरच्यांबरोबर चालत मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. गावावर राहिलेली बायको ही त्या माणसांची रोजची परिस्थिती होती, कुणी डोळ्यांत पाणी काढायला रचलेली कल्पना नव्हती. त्या ताटातुटीवरून ते गाणं तुटलेल्या महाराष्ट्रावर येतं, बेळगाव-कारवारवर येतं, आणि ज्या माणसाला राज्य पुनर्रचना हा शब्द उच्चारता येत नव्हता त्याला ती आतून समजते. मला विचाराल तर हा पुरावाच आहे, फक्त टक्केवारीत नाही. बेळगाव अजून आलेलं नाही, हे मलाही माहिती आहे आणि तेही तितकंच दुखतं, पण त्याचा दोष शाहिराच्या गळ्याला देऊ नका.

दंगलीचा मुद्दा तुम्ही काढलात. चाकूने भाजीही चिरतात आणि गळाही, एवढंच म्हणतो. त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी, या उत्तरात ते बसणार नाही. तुम्ही एका ओळीत तो टाकून मोकळे झालात, मीही सध्या तेवढ्यावरच थांबतो.

एक मात्र राहिलं. 'ज्याला पटायचं त्याला पटेल' असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मला त्या साहेबांनीही ऐकवलं होतं, त्याच गावात, कार्यक्रम संपल्यावर. लोक उठून गेले याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, कागद वाचला म्हणजे काम झालं. मला तेव्हाही राग आला होता आणि आज तुमचं वाचून परत तसाच आला, म्हणून वर कुठे शब्द वाकडा गेला असेल तर तो त्या रागातला समजा. पण हे वाक्य बोलणाऱ्याला लोकांना पटलं काय आणि नाही पटलं काय, सारखंच असतं. ज्याला फरक पडतो तो खराटा उचलतो, नाहीतर पाठीला सुपं बांधतो, आवाज बसेपर्यंत ओरडतो. माझा घसा त्या सहा वर्षांत जो गेला तो गेलाच, आज मला सलग पाऊण तास बोलता येत नाही, म्हणून मी लिहितो. घरी बसून लिहितो, हे तुमचं बरोबर निघालं.

कलापथकातली सातपैकी चार माणसं आज हयात आहेत, ढोलकीवाला अकोल्याला असतो आणि अजून वाजवतो. तुम्ही कधी इकडे आलात तर त्याच्या घरी जाऊ, तो तुम्हाला ती माशीची चाल वाजवून दाखवेल आणि तुम्ही काय म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हणा.

मूळ पोस्टमध्ये 'पोवाडा'च्या जागी 'छक्कड' केलंय. तुमची प्रतिक्रिया काढा असं दोघांनी मेसेज करून सांगितलं, पण ती तशीच राहील.