बदक कुठंय?

विश्रामबागेतल्या त्या नव्या हॉटेलात दर वेळी हेच. मेनूकार्डावर थाट केवढा! चिनी पद्धतीचं भाजलेलं पेकिंग डक, फ्रेंच पद्धतीचं डक कॉन्फी, वर 'तांबड्या रश्श्यातलं फ्युजन बदक'. ऑर्डर दिली की वेटर आत जाऊन येतो नि म्हणतो, "साहेब, आज बदक नाही आलं. चिकनमध्ये करून देऊ?" अहो, मग छापता कशाला?

आणि मिळालंच कधी, तर कातडं चावून चावून जबडा दुखतो. बदकाच्या कातड्याखाली चरबीचा जाड थर असतो. मंद आचेवर तो वितळला तरच कातडं कुरकुरीत होतं. पेकिंग डक तर भाजण्याआधी तासन्‌तास वाळवतात. कॉन्फीची तंगडी मिठात मुरवून चरबीतच सावकाश शिजवायची असते. इथं मोठ्या जाळावर परतलं, शेजवान सॉस ओतला, झालं! पेकिंग डकबरोबरच्या पातळ चिनी पोळीऐवजी रुमाली रोटी देतात, ते एक वेळ चालेल (खरं तर आवडलीच). पण कडेनं मेयोनीजची रांगोळी कशापायी?

वर बिलात सर्व्हिस चार्ज. 2022 च्या केंद्राच्या सूचनांनुसार तो परस्पर लावता येत नाही, असं म्हटलं की मॅनेजर शांतपणे म्हणतो, "साहेब, ते सिस्टीममधूनच येतंय."