‘पाणी लावू नका, चुना भरा’ : आत्यापर्यंत पोचलेल्या त्या मेसेजला उत्तर

१२ मेच्या दुपारी आत्याचा फोन आला. नागपुरातल्या नंदनवनात तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या नऊ वर्षांच्या मुलाला गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. मी सक्करदऱ्याहून दहा मिनिटांत पोचले. पोरगं मोरीच्या उंबऱ्यावर बसलेलं. डाव्या पोटरीवर दातांच्या दोन खोल खुणा, आणि त्यांच्यावर लाल तिखट नि चुन्याचा जाड लेप. लेपाच्या कडेनं रक्त पाझरत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता आणि आत्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, “झालं रे राजा, विष खेचून राहिलं ते.”

आत्या अडाणी नाही. तीस वर्षं तिनं शाळेत शिकवलंय. तिनं हे केलं, कारण चार दिवसांपूर्वी तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. ‘नागपूरकरांनो, नवतपा येतोय, कुत्र्यांपासून सावध’ अशी सुरुवात आणि ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, दहा जणांना पाठवा’ असा शेवट. डॉक्टरांचं नाव नाही, दवाखान्याचं नाही. त्याच आठवड्यात तो मला आणखी पाच ठिकाणांहून आला, त्यात एक आमच्याच सोसायटीचा ग्रुप.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. उन्हानं डोकं फिरून कुत्री पिसाळतात, म्हणून दारात पाणी ठेवू नका. चावलंच तर जखमेला पाणी लावू नका, चुना आणि तिखट भरा. मग त्या कुत्र्यासमोर पाणी ठेवा. ते प्यायलं तर कुत्रं चांगलं, इंजेक्शनची गरज नाही. नसबंदी केलेली कुत्री जास्त चावतात. सुप्रीम कोर्टानं सगळी उचलायला सांगितली आहेत, तेव्हा गाडीत भरून जंगलात सोडा. आणि दाराशी लाल पाण्याची बाटली टांगा.

आमच्या भागातले आम्ही सात-आठ जण रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काम करतो. जखमी कुत्र्याला उपचार, नसबंदीसाठी धरायला मदत, शाळांत जाऊन मुलांशी बोलणं. त्यामुळे ‘ही कुत्रेवाली, ही त्यांचीच बाजू घेणार’ असं कोणी म्हणेल. मी इथे आधी त्या पोराची बाजू घेतेय. कुत्र्यांचं नंतर.

जखमेबद्दल

रेबीज हे साप-विंचवासारखं विष नाही, आणि लेपानं ते ‘खेचून’ काढता येत नाही. तो कुत्र्याच्या लाळेतला विषाणू आहे. दात लागले की तो मांसात जातो, तिथून नसांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये, शिरतो आणि नसांच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो. मेंदूत पोचून एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आजही जवळजवळ कोणीच नाही. म्हणजे आपल्या हातात जे आहे ते सगळं त्याआधीचं, आणि त्यातलं पहिलं घरच्या नळाखाली.

जागतिक आरोग्य संघटनेनं हे स्वच्छ लिहून ठेवलंय : चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं किमान १५ मिनिटं धुवा. या विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. तेलकट ताटाचा थर साबणानं सुटतो तसं ते आवरण साबणानं फुटतं, आणि उरलेलं पाणी वाहून नेतं. मेसेज म्हणतो पाणी लावू नका. याहून घातक वाक्य मला सुचवून सुचणार नाही.

आणि चुना? पानाला जास्त लागला तर जीभ पोळते, तो उघड्या मांसात भरायचा? चुन्यानं आणि तिखटानं मांस जळतं, विषाणू मरत नाही. वर हे सगळं बोटानं जखमेत दाबलं जातं आणि लाळ आणखी आत ढकलली जाते. शिवाय डॉक्टरांसमोर जायच्या आधी तो लेप काढावा लागतो, आणि काढताना पोरगं जे किंचाळतं ते मी त्या दिवशी ऐकलं.

मी त्याचा पाय नळाखाली धरला. मेमधल्या दुपारी टाकीचं पाणी चटके देतं, म्हणून आत्यानं माठातलं मिसळून बादली भरली आणि ताई तांब्यानं धार धरत राहिल्या. मी आंघोळीच्या साबणाचा फेस करत होते. आधी चुन्याचे पांढरे गोळे सुटले, मग तिखटाचा लाल ओघळ, मग साधं फिकं रक्त. तीन मिनिटांत सगळ्यांना वाटलं, झालं की स्वच्छ. घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं फार लांब असतात. पोराला शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावले, नऊ वेळा. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, पट्टी नाही, टाके नाहीत, आणि थेट सरकारी दवाखाना.

तिथे जखम तिसऱ्या श्रेणीची ठरली. कातडी फाटून रक्त आलं की ती तिसरीच. यात नुसती लस पुरत नाही. लशीनं शरीरात प्रतिकार तयार व्हायला दिवस लागतात, तोवर जखमेत आणि तिच्या भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘लस घेतली ना’ म्हणून बरेच जण इथेच थांबतात. विचारा, आग्रहानं विचारा. लस दंडात देतात. चामडीत द्यायची असेल तर पहिला दिवस ०, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही भीती अजून आहे, त्या भीतीनंही लोक चुन्याकडे वळतात. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली.

आत्या म्हणाली, “पण आपल्या आजोबांना चावलं होतं तेव्हा चुनाच लावला होता. काही झालं का त्यांना?” नाही झालं. कारण चावणारं दर कुत्रं पिसाळलेलं नसतं. आजोबांना चावलेल्या कुत्र्याला रेबीज नव्हता, एवढंच. हळद लावली असती, शेण लावलं असतं, तरी ते वाचलेच असते, आणि श्रेय त्या त्या वस्तूला मिळालं असतं. ज्याला रेबीजवालं कुत्रं चावलं आणि चुना लावून घरी बसला, तो महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा जातो. तोवर चुन्याची आठवणही कोणाला नसते.

पाणी पाजून बघायची परीक्षा

चुन्याइतकंच वाईट हे. पाण्याला घाबरणं हे रेबीज झालेल्या माणसाचं लक्षण आहे. कुत्र्यात ते तसं दिसत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, जबडा लोंबतो, पण ते पाण्यात तोंड घालू शकतं, आणि सुरुवातीला तर पिऊही शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुत्रं आजारी दिसायच्या काही दिवस आधीपासूनच त्याच्या लाळेत विषाणू असतो. चावलं त्या दिवशी ते शेपूट हलवतंय, पोळी खातंय, पाणी पितंय, यावरून काहीच ठरत नाही.

यात एक अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं का होईना मान्य करते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. चावताना लाळेत विषाणू असेल तर एवढ्या दिवसांत कुत्रं आजारी पडतं, मरतं. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस किती घ्यायचे हे डॉक्टर ठरवू शकतात. पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे. दहा दिवस वाट बघून मग दवाखान्यात जायचं, असं कुठेही सांगितलेलं नाही.

म्हणूनच चावलेल्या कुत्र्याला मारू नका, हाकलू नका. नंदनवनातली चार पोरं काठ्या घेऊन त्याच्या मागे निघाली होती. ते कुत्रं पळून गेलं असतं तर दहा दिवस बघायचं कोणाकडे?

उन्हाचं आणि पाण्याचं

उन्हानं रेबीज होत नाही. रेबीज झालेल्या दुसऱ्या जनावरानं चावल्याशिवाय सहसा होत नाही, मग मे असो की डिसेंबर. पण मेसेज लिहिणाऱ्यानं काय पाहिलं असेल, ते मला कळतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तोच त्याचा कूलर. नागपूरच्या ४५ अंशांत दिवसभर धापा टाकणारं कुत्रं लाळ गाळतं, अडखळतं, डोळे लाल होतात, जवळ गेलं तर गुरगुरतं. लोक म्हणतात पिसाळलं. बहुतेक वेळा त्याला ऊन लागलेलं असतं, आणि त्यावर उपाय सावली आणि पाणी. तेच ठेवू नका म्हणता?

त्या पोराला चावलेलं कुत्रं शेजारच्या कूलरखाली झोपलं होतं. पाणी ठिबकून तिथली माती ओली असते, साऱ्या गल्लीत तेवढीच थंड जागा. पोराचा चेंडू तिकडे गेला, तो उचलताना त्याचा पाय शेपटीवर पडला. बस. आम्ही शाळांत मुलांना हेच सांगतो : झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पिल्लांपाशी बसलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही; अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. या पोराच्या शाळेत आम्ही अजून गेलो नव्हतो, याचं मला वाईट वाटतं.

बाकीचं

नसबंदीनं कुत्रं चिडकं होत नाही. माजावर आलेल्या मादीमागची झुंड, त्या झुंडीतली भांडणं, पिल्लांपाशी कोणी गेलं की धावून येणारी आई, हे सगळं नसबंदीनं कमी होतं. पण कानाला नसबंदीची खूण म्हणून केलेली खाच दिसली म्हणजे रेबीजची काळजी मिटली, असंही कोणी समजू नये. खाच कायमची राहते, लस दरवर्षी लागते. परिसरातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. आपल्याकडे हे काम कमी पडतंय. त्यावर राग असेल तर तो बरोबर आहे, मलाही आहे.

कोर्टाचं. ११ ऑगस्ट २०२५ चा उचलून नेण्याचा आदेश दिल्ली परिसरापुरता होता, आणि २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो बदलला : नसबंदी, लस, जंतांचं औषध, आणि मग त्याच भागात परत, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून कुत्री हटवण्याचा वेगळा आदेश आला. ‘देशभरातली सगळी उचला’ असं यात कुठेच नाही. आणि जंगलात सोडायचं म्हणजे कुठे, गोरेवाड्याला? कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-बिबट्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरचे सिंह याच विषाणूनं दगावले. इकडे गल्ली रिकामी झाली तरी चिकनच्या दुकानामागचा ढीग तसाच असतो. त्यावर शेजारच्या वस्तीतली, लस न घेतलेली कुत्री येतात.

लाल पाण्याच्या बाटलीवर एकच सांगते : आत्याच्या शेजारच्या दाराला ती टांगलेली आहे, आणि ते कुत्रं तिच्यापासून चार हातांवरच झोपलं होतं.

कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांमुळे त्रास होतो, अशी मेसेजमध्ये आणखी एक ओळ आहे, तिच्यात मात्र दम आहे. जिन्यात, फाटकात, मुलं खेळतात तिथे पोळ्या टाकणारे आमच्यातच आहेत, आणि त्यांच्यामुळे भांडणं होतात. भटक्या कुत्र्यांबाबतचे केंद्राचे २०२३ चे नियमही सांगतात की खाऊ घालायची जागा जिने, येण्याजाण्याची दारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. आपल्याच नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये ‘खाऊ घालायचं तर घरी नेऊन पाळा’ असं म्हटलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. स्थगिती मिळाली म्हणून कुठेही टाकायची मोकळीक मिळाली नाही.

काल, २२ मेला, दहा दिवस पूर्ण झाले. कुत्रं धडधाकट आहे. शेजारच्यांनी कूलरपासून लांब, भिंतीच्या सावलीत त्याच्यासाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवलंय, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला नसबंदीला आणि लशीला नेतोय. डॉक्टरांनी पोराचा चौथा डोसही पुरा करायला सांगितलाय. आत्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात ९ जूनला लाल पेनानं गोल केलाय, खाली लिहिलंय, ‘याला मी नेणार’. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तिनं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलंय की तो मेसेज चुकीचा होता, तिनं तो खरा मानला, आणि लेकराच्या पायाला चुना लावला. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर खाली एवढंच टाका : नळ, साबण, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी दवाखाना.