जुन्या पीसीतलं काय ठेवायचं: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘पीसी आठ-दहा वर्षांचा झाला की बोर्ड, प्रोसेसर, रॅम, मॉनिटर सगळं भंगार. विंडोज १० बंद झालं, आता इलाज नाही. एसएमपीएस आणि हार्डडिस्क चालू असतील तर तेवढी नव्या मशीनला लावा, पैसे वाचतील.’ ओळखीतल्या दोघांनी यावरून खरेदीची यादीसुद्धा केली, म्हणून लिहायला बसलो. मेसेज जे ठेवायला सांगतो तेच आधी काढायला हवं, आणि फेकायला सांगतो त्यातलं बरंच ठेवण्यासारखं आहे.

आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा. ‘चालू आहे’ म्हणजे ‘चांगला आहे’ असं इथे धरताच येत नाही. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. पत्र्याच्या खोलीतल्या कॅबिनेटच्या आत काय होत असेल, विचार करा. त्यात आपल्याकडे जिनिंगच्या आसपास कापसाची तूस पंख्यात जाऊन बसते आणि हवा कोंडते. माझ्या मावसभावाने यावलच्या दुकानात नवा बोर्ड, नवा प्रोसेसर घेतला, पण नऊ वर्षांचा एसएमपीएस तोच ठेवला. भर उन्हाळ्यात दुपारी लाईट दोनदा गेली-आली. एसएमपीएस गेला, आणि जाताना नवा बोर्डही घेऊन गेला. दीड हजार वाचवायला गेला आणि सात हजारांना बसला. त्याचा तो चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

स्वस्त एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. १८ लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्यावरच चालतात. नवा घेताना ‘८० प्लस’चा, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र मिळाल्याचा, शिक्का असलेला घ्या.

हार्डडिस्कचंही तेच. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी चकती वर्षानुवर्षं फिरल्यावर झिजणारच. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’चा, म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागांचा, आकडा बघा; तो वाढत असेल तर आजच डेटा काढून घ्या. आकडा शून्य असला तरी तिच्यावर विंडोज नको. फोटोंची दुसरी प्रत ठेवायला ती चालेल, एकुलती एक प्रत ठेवायला नाही.

‘इलाज नाही’ हे तर साफ चूक. साटा, म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची वायर-जोडणी, २००३ पासून आहे, त्यामुळे २०१३ च्या बोर्डलाही साटा एसएसडी, म्हणजे चकती नसलेली वेगवान डिस्क, लागते. मशीन हळू आहे म्हणून कंटाळलेल्या माणसाला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, आणि उद्या नवा पीसी घेतला तर तीच एसएसडी तिकडे जाते.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण त्या दिवशी मशीन बंद पडलं नाही, सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. त्यावर बँकेचं काम करत राहू नका, इतकं मी नक्की सांगेन. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्याआधीच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम चालते, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंगसकट. टॅली किंवा डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरणाऱ्यांनी मात्र आधी खात्री करून घ्या.

बोर्ड आणि प्रोसेसरबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. ही जोडी एकमेकांना बांधलेली असते. इंटेलच्या सहाव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खोबणीच्या) पिना सारख्याच, ११५१. तरी आठवीचा प्रोसेसर सहावीच्या बोर्डवर चालत नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांचं वेगळं: २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. अशा घरी फक्त प्रोसेसर बदलून भागतं.

रॅमचं वय बघू नका, जात बघा, म्हणजे ती डीडीआर३ आहे की डीडीआर४. डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, ती डीडीआर४ च्या बोर्डात बसतच नाही. पण तुमची डीडीआर४ असेल, तर एएम४ वर चालेल आणि इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डीडीआर४ बोर्डांवरही चालेल. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. असल्या वेळी चांगली रॅम भंगारात देणं म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणं. मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावून बघा, चूक निघाली नाही तर बिनधास्त वापरा.

मॉनिटर जुन्या व्हीजीए जोडणीचा असला तरी नव्या एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. कॅबिनेटही ठेवा, बोर्ड बसवायचं एटीएक्स हे माप १९९५ पासून चालत आलंय. ब्रँडेड कंपन्यांचे बारके डबे तेवढे अपवाद, त्यांच्यात बाहेरचा बोर्ड सहसा बसत नाही.

आणि जुनी डिस्क भंगारात देणारच असाल, तर सेवा केंद्रवाल्यांनो, तिच्यात गावाचे आधार आणि सातबारे आहेत. नुसतं डिलीट करून भागत नाही. पूर्ण पुसा, नाहीतर ड्रिलने चकतीला आरपार भोकं पाडा, मगच द्या.