टिटवीले मरता येस!

नाटकात मरायचं कसं, हे मला गेल्या चैत्रात एका टिटवीनं शिकवलं. शिकवलं म्हणजे, चारचौघांत लाज काढली.

आमचं गाव अमळनेरकडचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातली पोरं (वय वर्षं बावीस ते अठ्ठावन्न) नाटक बसवतात. उघड्यावरचा दगडी ओटा हाच रंगमंच. वर आभाळ, मागे निंब. डागडुजीसाठी ओट्याला लागून खडीचा ढीग पडला, मिस्तरी लग्नसराईत गायब झाला आणि त्या खडीत टिटवीनं अंडी घातली. घरटं कसलं? ना काडी, ना गवत. वाटीएवढा खळगा, त्यात टोकं आत करून ठेवलेली चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. पाठांतराला टेकायला गेलो आणि जवळजवळ उबवायलाच बसलो.

डोक्यावरून झपाटा आला. मग 'टिटिव-टिव' सुरू. नवरा-बायको दोघंही आळीपाळीनं ओरडणार, आणि नेमकं मी तोंड उघडलं की! खलनायक बोलला तर चूप. टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात. आमच्याकडे समुद्र नाही, तिनं माझं अवसान आटवलं.

अंडी हलवा म्हटलं, तर गावातले म्हातारे अंगावर आले. चार अंडी म्हणजे चारी महिने पाऊस! कापूसवाले रोज येऊन मोजून जात, जणू चारांची पाच होतील. त्यात आमच्या खलनायकाचा व्यवसाय मास्तरकीचा. त्यानं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला. अंड्यांना हात लावणं गुन्हा. नाटकात रोज माझा खून करणारा माणूस मला कायदा सांगत होता.

पारा चव्वेचाळिसावर गेला. भर दुपारी टिटवी आमच्या माठाखालच्या थारोळ्यात पोट बुडवून घेई आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर जाऊन बसे. कोवळ्या जिवांचा कूलर! आमच्या मंडळींनी लगेच तिच्यासाठी परात भरून ठेवली. महिनाभर घसा फोडणाऱ्या मला कुणी पेलाभर पाणी विचारलं नव्हतं.

खरा अपमान पुढे आहे. एका संध्याकाळी तालमीत कुत्रं शिरलं, थेट खडीकडे. टिटवी त्याच्या नाकासमोर कोसळली. एक पंख मोडल्यागत पसरलेला, मान वाकडी, केविलवाणा आवाज. फरपटत ती पुढे, कुत्रं मागे. पार कुंपणापर्यंत नेलं आणि तिथून भुर्रकन उडाली! आख्ख्या मंडळानं टाळ्या पिटल्या. दिग्दर्शक आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले,

"देख रे भो. तिले मरता येस. तुले येत नई."

पुढचे तीन दिवस मी डावा हात फरपटत मरत होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पिल्लं निघाली. ही पिल्लं घरट्यात थांबत नाहीत. अंग वाळलं की चालू लागतात. नाटकाच्या रात्री खडीवरही माणसं बसली, तेव्हा त्यांनी जायचं कुठं? तिसऱ्या अंकात मी तलवार खाऊन पडलो आणि काड्यांवर ठेवलेला कापसाचा बोळा तुरुतुरु माझ्या नाकाशी आला.

"नाना, हालू नको. पिल्लू शे!" विंगेतून आप्पा.

मेलेला माणूस हलणार कसा? तेवढ्यात आई उतरली आणि माझ्या शेजारी, फोकसच्या उजेडात, पंख पसरून तिनं तो प्रवेश केला. एका रंगमंचावर दोन मरणं, आणि लोक एकाच मरणाकडे बघत होते.

माईकवरून बक्षिसं पुकारली गेली. मला एकावन्न रुपये. "टिटवी मायले एकशे एक!"

त्या पैशांची मंडळानं ज्वारी आणून खडीवर टाकली. टिटवी किडे खाते. ज्वारी पारव्यांनी खाल्ली, ज्यांनी नाटकात काहीच काम केलं नव्हतं.