गादीच्या वादात उडी घेणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

समजा, साल 1713 आहे, गाव लंडन. ॲन राणीची तब्येत ढासळलेली, तिचं एकही मूल जगलेलं नाही, आणि पुढचा राजा कोण यावर पत्रक काढायला तुमचे हात शिवशिवताहेत. खुशाल काढा. छापण्याआधी परवाना घ्यायची अट 1695 सालीच संपली. जे काय व्हायचं ते आता छापून झाल्यावर होतं.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रॉटेस्टंट सोफियाची बाजू घेणार असाल, तर रक्ताच्या नात्याबद्दल अवाक्षर काढू नका. तिच्याहून जवळचे पन्नासहून जास्त नातलग निव्वळ कॅथलिक म्हणून बाद झालेत. कॅथलिकांना गादीपासून दूर ठेवून सोफियाला वारस ठरवणारा 1701चा कायदा पुढे करा आणि जेम्स स्टुअर्टच्या, म्हणजे ॲनच्या कॅथलिक सावत्र भावाच्या, जन्मावरच घसरा. 10 जून 1688ला त्याच्या आईला, म्हणजे तेव्हाच्या राणीला, मूल झालंच नाही. कुणाचं तरी तान्हं बाळ अंथरूण शेकायच्या झाकणाच्या तव्यातून तिच्या खोलीत नेलं, असं ठोकून द्या. तव्यात बाळ मावतं का, हे मोजत बसू नका. राजवाड्याचा नकाशा छापा आणि तवा कुठून कुठे गेला ती वाट आखून दाखवा; हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. जेम्सच्या बापाने, म्हणजे तेव्हाच्या राजाने, चाळीसहून जास्त साक्षीदार उभे करून त्यांच्या जबान्या घेतल्या, छापल्याही. तुम्ही एवढंच विचारा: खरं होतं, तर इतके साक्षीदार लागले कशाला?

मजकूर दोन तावांत आटपा. एक ताव तीनदा दुमडला की सोळा पृष्ठं होतात, दोहोंची बत्तीस, तेवढी पुष्कळ. 1712पासून तावामागे दोन शिलिंग कर आहे, पण तो आवृत्तीवर, प्रतीवर नाही. शंभर छापा की हजार, सरकारचे चारच शिलिंग.

उपरोध मात्र बेताने. लेखक डॅनिएल डिफोने याच साली हॅनोव्हरविरुद्धची 'कारणं' उपरोधाने लिहिली. शीर्षकापुढे वाचतो कोण? त्याच्याच बाजूच्या, हॅनोव्हरला गादी मिळावी म्हणणाऱ्या व्हिग पक्षाच्या मंडळींनी त्याला कोर्टात खेचलं, अटक झाली, आणि राणीच्या माफीवर सुटका.

आणि जेम्सची बाजू घ्यायची असेल तर? गादीवर त्याचा हक्क आहे असं छापणं म्हणजे राजद्रोह. तेव्हा आपलं नाव गाळा, धोका मुद्रकाच्या गळ्यात घाला. पुढे 1719मध्ये जॉन मॅथ्यूज नावाचा विशीही न गाठलेला मुद्रक अशाच पत्रकापायी लंडनच्या वधस्थळी, टायबर्नला, फासावर गेला, तोही छापखान्यातल्याच माणसांच्या साक्षीवर. मुद्रकाला तेवढं बजावून ठेवा, कामगारांची मजुरी थकवू नकोस म्हणून.