दीड ब्रास खडीच्या तक्रारीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना मुलानं वाचून दाखवला. एक स्टार देऊन तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. फोनवर 7,600 रुपये सांगून 13,400 घेतले. दुसरी गाडी संध्याकाळी सात वाजता आली. दीड ब्रास, म्हणजे 150 घनफूट सांगून 140 घनफूटच खडी टाकली, म्हणजे 10 घनफुटांची चोरी केली. आणि वजनकाट्याची पावती दिलीच नाही.

गाडीला उशीर झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मिरगाच्या आधीचा आठवडा होता. चिखल व्हायच्या आत अंगणात खडी पडावी म्हणून सगळ्यांचीच घाई, खडी फोडायच्या क्रशरवर गाड्यांची रांग. तरीही दुपारीच तुमच्या बाबांना एक फोन करायला पाहिजे होता, तो आमच्याकडून राहिला. ते बिचारे गेट उघडं ठेवून बसून राहिले, याचं मला वाईट वाटतं.

पण चोरी हा शब्द वाचून मला झोप लागली नाही. माझे वडील बैलगाडीनं वाळू-माती पोचवायचे, तेव्हापासून बेळगावच्या आसपास हिंडलगा, उचगाव, कंग्राळी, खानापूरपर्यंत आमचा माल जातो. भाव जास्त आहे असं लोक म्हणतात, ते मी ऐकून घेतो. माप कमी आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणून मापाचं सगळं सांगतो, जरा सवड काढून वाचा.

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आमच्या टिपरचा हौदा आतून 10 फूट लांब आणि 7 फूट रुंद आहे. त्यात 26 इंच उंचीपर्यंत खडी भरली की 151 घनफुटांच्या वर होते. म्हणजे दीड ब्रास पुरी आणि वर थोडीशी जास्तच. त्या 26 इंचांवर हौद्याच्या आत पिवळा पट्टा मारलाय, कुणीही चढून बघावं. क्रशरवर भरताना त्या पट्ट्यापर्यंत खडी सपाट करून घेतो. तिथून तुमच्या दारापर्यंत 22 किलोमीटर रस्ता आहे आणि तो कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळली की खडी हलते, मोठ्या खड्यांमधल्या फटीत बारीक खडा जाऊन बसतो आणि वरची पातळी खाली जाते. बाबांनी टेप लावला तेव्हा 24 इंच भरलं. तुम्ही पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघत होता. 10 गुणिले 7 गुणिले 2 फूट, 140 घनफूट. तुमचा हिशोब बरोबर आहे साहेब. पण खडी वाटेत कुठं सांडली नाही, कुणी काढून घेतली नाही, ती दाबून बसली. डब्यात पोहे भरून डबा दोन-चारदा आपटला तर वर जागा होते, पोहे तेवढेच असतात.

वजन काही दाबून कमी होत नाही, म्हणून आम्ही काट्याची पावती देतो. तुमच्या पहिल्या खेपेचं निव्वळ वजन 6 टन 420 किलो आहे. पाऊण इंची काळ्या खडीची दीड ब्रास सव्वासहा ते साडेसहा टन भरते, हे कुठल्याही गवंड्याला विचारा. पावती तुमच्या बाबांच्या हातात दिली होती. ती कानडीत छापलेली असते, त्यांना वाचता आली नसेल. आमच्या ड्रायव्हरनं तिथंच उभं राहून समजावून सांगायला पाहिजे होतं, हे मान्य करतो. पण पावती दिलीच नाही असं तुम्ही लिहिलंय, ते खरं नाही. बाबांना सदऱ्याच्या खिशात बघायला सांगा.

आणि हेही सांगतो. ओली वाळू याच्या उलट असते. थोड्या ओलीनं ती वीस-पंचवीस टक्के फुगते, मापून घेतली तर गिऱ्हाईकच बुडतं, कारण वाळल्यावर ती खाली बसते. पावसाळ्यात कुणी वाळू किंवा एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) मागितला तर मी स्वतः सांगतो, चार दिवस ऊन पडू द्या, मग घ्या. फसवायचंच असतं तर तिथं फसवलं असतं. तिथं कुणी टेप लावत नाही.

आता पैशांचं. फोनवर तुम्ही सांगितलंत, अंगण 30 बाय 20, जाडी 3 इंच. 600 चौरस फूट गुणिले 3, भागिले 12. 150 घनफूट, दीड ब्रास. जीएसटी धरून ब्रासला 3,600 प्रमाणे 5,400 आणि एका खेपेचं भाडं 2,200. झाले 7,600. तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर मी सांगितलेला आकडा बरोबरच होता.

गाडी दारात गेल्यावर बघितलं तर गवंड्यानं वरची तांबडी माती खरवडून काढलेली. पोर्चजवळ 3 इंच खोल, कंपाउंडच्या भिंतीकडं 7 इंच. म्हणजे सरासरी 5 इंच, 250 घनफूट, अडीच ब्रास. दीड ब्रास पसरून झाली तरी भिंतीकडचा भाग तसाच उघडा. मी स्वतः फोन केला तुम्हाला. खोल भागात आधी मुरूम टाकून दाबून घ्या, मुरूम स्वस्त पडतो, वर 3 इंच खडी पुरेल, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, मुरूम नको, पाण्यात लाल चिखल होतो, सगळी खडीच घाला आणि आजच पुरी करा. मग एक ब्रास आणखी आली, 3,600 आणि दुसऱ्या खेपेचं 2,200. मिळून 13,400. अडीच ब्रास पहिल्याच गाडीत का आणली नाही असं विचाराल, तर तेवढ्या खडीचं वजन दहा टनांच्या वर जातं. तेवढं माझ्या गाडीत मी भरत नाही.

इथं माझं चुकलं ते असं की दुसऱ्या खेपेचा आकडा मी फोनवर तोंडीच सांगितला. तुम्ही ऑफिसात होता, मागं लोक बोलत होते, तुम्ही "बरं बरं, घाला" म्हणालात. तो आकडा मेसेज करून ठेवला असता तर हे वाढलं नसतं. यापुढं बदललेला आकडा लिहून पाठवू. जागेवर टेप घेऊन माणूस पाठवायचाही विचार आहे. फोनवरचा अंदाज हा फोनवरचाच असतो, हेही आता आधी सांगत जाऊ. काट्याच्या पावतीवर पेनानं मराठीत वजन लिहून द्यायला सुरुवात केलीय.

साहेब, माझ्या दोन गाड्या आहेत, एकीचे हप्ते चालू आहेत. बेळगावात घर बांधणारं नवीन माणूस हल्ली आधी मोबाइलवर बघतं आणि मग फोन लावतं. कालपासून दोघांनी मला "तुमच्याकडं माप कमी असतं म्हणे" असं विचारलंय. दोघांनीही मग दुसरीकडून माल घेतला.

दुसऱ्या खेपेचं निम्मं भाडं, 1,100 रुपये, मी बाबांकडं पोचते करतो. माप कमी होतं म्हणून नाही. तुमचा माणूस संध्याकाळपर्यंत ताटकळला म्हणून. भाव जास्त वाटला, गाडी उशिरा आली, हे तुम्ही तसंच ठेवा, एक स्टारही ठेवा. फक्त चोरी हा शब्द काढा, एवढीच विनंती.

पुढच्या वेळी पुण्याहून आलात की दुकानावर या. रोज सकाळी साडेसहाला गाडी क्रशरवर जाते. सोबत चला, तुमचाच टेप घ्या, भरताना माप घ्या आणि दारात उतरताना पुन्हा घ्या. बाबांनाही घेऊन या. परवा चहा घेताना भिंतीकडं जास्वंद लावायची म्हणत होते, त्यासाठी खताची दोन पोती मी बाजूला काढून ठेवलीत.